टाकी मोठी केल्याने ओर्काचा प्रश्न सुटतो का?

कोल्हापुरातील एका पालकांनी मला विचारलेला प्रश्न थोडक्यात असा आहे. जपानच्या सहलीत त्यांच्या कुटुंबाने ओर्काचा, म्हणजे किलर व्हेलचा, खेळ पाहिला आणि त्यांची मुलगी अगदी भारावून गेली. घरी परतल्यावर महाविद्यालयात शिकणाऱ्या पुतण्याने हा शुद्ध छळ असल्याचे सांगितले आणि वाद सुरू झाला. पालकांचे म्हणणे असे की प्राणी धष्टपुष्ट दिसत होता, त्याला वेळेवर मासे मिळत होते, डॉक्टर दिमतीला होते आणि प्रशिक्षकावरचा त्याचा लळा तर डोळ्यांना दिसत होता. नांदणीच्या हत्तिणीच्या वेळी आपण कोल्हापूरकरांनीच या लळ्याचा मुद्दा मांडला होता, याची आठवणही त्यांनी करून दिली आहे. टाकी लहान असेल तर ती मोठी करावी, पण बंदिवासालाच अनैतिक का ठरवावे, हा त्यांचा सवाल आहे.

माझे मत आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढचे वाचणे सोपे जाईल. ओर्काच्या बाबतीत टाकीचा आकार हा दुय्यम मुद्दा आहे. बंदिवासात या प्राण्याचे जे जाते ते मुख्यतः त्याचे कुटुंब आणि त्या कुटुंबाकडून मिळणारे शिक्षण असते, आणि ते कोणत्याही आकाराच्या टाकीत बांधून देता येत नाही. म्हणून ओर्का पकडणे आणि टाकीत त्यांची पैदास करणे, या दोन्ही गोष्टी थांबल्याच पाहिजेत, असे मी मानतो. आज जे प्राणी टाक्यांमध्ये आहेत त्यांचे काय करायचे, हा मात्र वेगळा आणि पुष्कळ अवघड प्रश्न आहे.

माझा अधिकारही स्पष्ट करतो. मी पशुवैद्यक आहे. पश्चिम महाराष्ट्रातील पाळीव हत्ती आणि जखमी वन्यप्राणी यांच्या उपचारांत माझे बहुतेक आयुष्य गेले, आणि मधली काही वर्षे मी आखातातील एका डॉल्फिन-केंद्रात नोकरी केली. ओर्कावर मी स्वतः उपचार केलेले नाहीत. परंतु ओर्का हा डॉल्फिनच्याच कुळातील सर्वांत मोठा प्राणी आहे, आणि क्लोरीन टाकलेले पाणी, गोठवलेले मासे व कंटाळलेला बुद्धिमान प्राणी यांचे वैद्यकशास्त्र दोघांसाठी बरेचसे सारखेच आहे.

प्रथम समुद्रातला ओर्का पाहू. पूर्ण वाढलेला नर सहा ते आठ मीटर लांब असतो, त्याचे वजन सहा टनांपर्यंत जाऊ शकते आणि त्याच्या पाठीवरचा पर माणसाच्या उंचीइतका, म्हणजे 1.8 मीटरपर्यंत वाढतो. एकेका दिवसात शंभर किलोमीटरहून अधिक अंतर तो सहज कापू शकतो; म्हणजे सकाळी कोल्हापूर सोडून रात्री साताऱ्याला पोहोचावे, तसे. ही माहिती कोणत्याही मत्स्यालयाच्या फलकावर असते. फलकावर जे सहसा नसते, ते 1970च्या दशकात कॅनडाच्या पश्चिम किनाऱ्यावर मायकल बिग या शास्त्रज्ञाने सुरू केलेल्या कामातून कळले. पाठीवरच्या पराचा आकार, त्यावरच्या खाचा आणि त्यामागचा करडा डाग यांच्या छायाचित्रांवरून प्रत्येक ओर्का स्वतंत्रपणे ओळखता येतो, हे त्यांनी दाखवून दिले. पुढे दशकानुदशके तेच प्राणी मोजले गेले, तेव्हा असे दिसले की त्या किनाऱ्यावरच्या मासे खाणाऱ्या ओर्कांमध्ये मुलगे आणि मुली दोघेही जन्मभर आईबरोबरच राहतात. तीस वर्षांचा, पाच टनांचा नरही आईच्या आसपासच पोहत असतो. वीण बाहेरच्या गटाशी होते, पण नर पुन्हा आईकडेच परततो. सस्तन प्राण्यांत ही गोष्ट फार दुर्मीळ आहे. आपल्या हत्तींतसुद्धा नर वयात आला की कळप सोडतो.

या कुटुंबांची स्वतःची बोली असते. जॉन फोर्ड यांनी पाण्याखालच्या ध्वनिमुद्रणांवरून दाखवले की प्रत्येक गटाच्या आवाजांचा संच ठरलेला असतो आणि पिल्लू तो आई व नातलगांकडून शिकते. आहाराचेही तसेच आहे. त्याच पाण्यात सॅमन मासे, त्यातही चिनूक जातीचे, खाणारे ओर्का राहतात आणि सील व इतर सागरी सस्तन प्राणी मारून खाणारेही राहतात. दोघे एकमेकांच्या वाटेला जात नाहीत आणि त्यांच्यात वीणही होत नाही. अंटार्क्टिकाजवळचे काही ओर्का एका रांगेत पोहत येऊन लाट उठवतात आणि बर्फाच्या तुकड्यावर बसलेल्या सीलला पाण्यात पाडतात. अर्जेंटिनातील वाल्देस द्वीपकल्पावर काही मोजके ओर्का सी-लायनची पिल्ले पकडण्यासाठी स्वतःला किनाऱ्यावर झोकून देतात आणि पुन्हा पाण्यात सरकतात. जरा चूक झाली तर वाळूत अडकून मरण्याचा हा प्रकार आहे, म्हणूनच पिल्ले तो मोठ्यांच्या सोबतीने अनेक वर्षे शिकतात. यांपैकी काहीही केवळ जन्मजात प्रेरणेवर चालत नाही.

आजीचे स्थान तर विशेष आहे. मादी साधारण चाळिशीत वीण थांबवते, पण त्यानंतरही ती कित्येक दशके जगते. काही माद्या ऐंशीच्या पुढे गेल्याचा अंदाज आहे. सॅमन कमी असलेल्या वर्षांत गटाच्या पुढे पोहून वाट दाखवण्याचे काम बहुधा याच वयस्क माद्या करतात, असे 2015 साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात आढळले. त्याआधी 2012च्या एका अभ्यासात असे दिसले होते की आई मेल्यानंतरच्या वर्षभरात तिच्या तिशी ओलांडलेल्या मुलाचा मृत्यू होण्याची शक्यता कित्येक पटींनी वाढते. मुलगा शरीराने पूर्ण वाढलेला असतो, शिकारही करू शकतो, आणि तरीही आईवाचून त्याचे भागत नाही. 2018च्या उन्हाळ्यात ताहलेक्वा नावाच्या मादीने आपले मेलेले पिल्लू सतरा दिवस डोक्यावर ढकलत सुमारे 1600 किलोमीटर नेले, ही बातमी आपण वाचली असेल. त्या वर्तनाला शोक म्हणावे की नाही, यावर शास्त्रज्ञ सावधपणे बोलतात. मीही सावध राहतो, पण दुसरा कोणता शब्द वापरावा हे मला सुचत नाही.

कोल्हापूरच्या माणसाला ही गोष्ट समजायला परदेशात जाण्याची गरज नाही. संस्थानकाळात येथे शिकारीसाठी चित्ते पाळले जात आणि चित्तेवानांची घराणी त्या कामात तरबेज होती. हे चित्ते बछडे असताना पकडत नसत. वाढलेला, रानात शिकार करणारा चित्ताच पकडून माणसाळवला जाई, कारण शिकार आईकडून शिकलेली असावी लागते आणि ती शिकवण देणे माणसाच्या आवाक्याबाहेरचे आहे, हे चित्तेवानांना पक्के ठाऊक होते. बंदिवासात चित्त्यांची पैदासही जवळजवळ होतच नसे. त्यामुळे रानातले संपत आले तेव्हा कोल्हापूरने आफ्रिकेतून चित्ते आणवले. आईचे शिक्षण पिंजऱ्यात तयार होत नाही, हे ज्ञान या शहरात शंभर वर्षांपूर्वी व्यवहारात होते.

ओर्काच्या बाबतीत मात्र उलट घडले. 1965 साली नामू नावाचा नर सिएटलला आणून लोकांना दाखवण्यात आला आणि त्याच्यावर पैसे मिळतात हे कळल्याबरोबर वॉशिंग्टन राज्याच्या किनाऱ्यावर पकडापकडीचा धंदा सुरू झाला. बोटी, विमान आणि पाण्यात फोडलेले स्फोटक बार यांच्या साहाय्याने अख्खी कुटुंबे खाडीत कोंडली जात आणि त्यांतून पिल्ले वेगळी काढली जात, कारण लहान प्राणी वाहून न्यायला सोपा व स्वस्त पडतो. ऑगस्ट 1970 मध्ये पेन कोव्ह येथे असेच सात ओर्का विक्रीसाठी काढले गेले आणि काही जाळ्यात अडकून बुडाले. मोठे ओर्का जाळ्याबाहेरून हाका मारत राहिले, असे तेथे हजर असलेल्यांनी नंतर सांगितले आहे. 1976 साली वॉशिंग्टन राज्याने न्यायालयात धाव घेतली तेव्हा तेथील पकड थांबली आणि धंदा आइसलँडकडे वळला. तोपर्यंत त्या किनाऱ्याच्या दक्षिणेकडच्या, मासे खाणाऱ्या तीन गटांमधून चाळीसहून अधिक प्राणी नेले किंवा मारले गेले होते, आणि नेलेल्यांत बहुतांश कोवळ्या वयाचे होते. त्या गटांची संख्या तेव्हा सत्तरीच्या आसपास उरली. आजही ती पंच्याहत्तरच्या आतबाहेर आहे. याचे सगळे खापर पकडीवर फोडणे चुकीचे ठरेल, कारण चिनूक सॅमनची टंचाई, जहाजांचा गोंगाट आणि चरबीत साठणारी पीसीबीसारखी रसायने ही आजची मोठी कारणे आहेत. परंतु ज्या पिढीने वीण करायची तीच पिढी उचलली गेली, तर पुढची पन्नास वर्षे हिशेब जुळत नाही.

पेन कोव्हमधून नेलेल्या पिल्लांपैकी एक म्हणजे टोकिटे, जी मायामीत लोलिता या नावाने ओळखली गेली. तिची टाकी सुमारे 80 फूट लांब आणि सर्वांत खोल भागात 20 फूट होती. ती स्वतः जवळपास 20 फूट लांब होती. 1980 साली तिचा जोडीदार ह्यूगो मेल्यानंतर तिने पुन्हा दुसरा ओर्का पाहिला नाही. तिला मूळ समुद्रात परत नेण्याची योजना 2023च्या मार्चमध्ये जाहीर झाली आणि त्याच वर्षी 18 ऑगस्टला ती मरण पावली.

आता पशुवैद्यक म्हणून जे मला अधिक नेमके सांगता येईल, ते सांगतो. जपानमध्ये दिसलेला प्राणी धष्टपुष्ट होता, यावर माझा विश्वास आहे. चांगल्या केंद्रांमधील डॉक्टर आपले काम मन लावून करतात. रक्ताच्या नियमित तपासण्या, पाण्याची शुद्धता, माशांचा दर्जा या बाबतीत ते काटेकोर असतात. तरीही काही गोष्टी त्यांच्या हातात नसतात. गोठवलेल्या माशातले पाणी कमी होते आणि हे प्राणी पाणी पीत नाहीत, ते माशातूनच मिळवतात. म्हणून त्यांना जिलेटिनचे गोळे खाऊ घालावे लागतात. काँक्रीटच्या कडा आणि लोखंडी फाटके चावून दात झिजतात व तुटतात. बंदिस्त ओर्कांच्या दातांच्या 2017 साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात पाहिलेल्या प्रत्येक प्राण्याच्या दातांना काही ना काही इजा आढळली. तुटलेल्या दाताला भोक पाडून आतला गर काढावा लागतो आणि पुढे आयुष्यभर ते भोक रोज धुवावे लागते, कारण जंतुसंसर्गाचा मार्ग तेथे उघडा राहतो. बंदिवासातील प्रौढ नरांच्या पाठीवरचा पर एका बाजूला कोसळतो. समुद्रात हे क्वचितच दिसते. हा पर कोसळणे म्हणजे आजार नव्हे, त्यामुळे दुखतही नसावे. तो बराच वेळ पृष्ठभागावर राहण्याचा परिणाम असावा, असे बहुतेक जाणकार मानतात.

पृष्ठभागावर राहण्याचा दुसरा परिणाम मात्र मला अधिक बोलका वाटतो, आणि तो लोकांना सहसा माहीत नसतो. अमेरिकेतील सागरी उद्यानांमध्ये दोन नर ओर्का डासांमुळे पसरणाऱ्या रोगांनी मेल्याची नोंद आहे: 1990 साली कांडुके सेंट लुईस एन्सेफलायटिसने आणि 2007 साली ताकू वेस्ट नाइल विषाणूने. समुद्रात ओर्काला डास चावण्याचा प्रसंग येणार कसा? तो सतत हलत असतो, पाण्याखाली असतो, किनाऱ्यापासून दूर असतो. टाकीत तो तासन्‌तास पाठ उघडी टाकून निश्चल तरंगतो, उन्हाने त्याची कातडी भाजते आणि संध्याकाळी डास येतात. एखाद्या प्राण्याला त्याच्या जातीला अपरिचित असलेला रोग होऊ लागला, तर त्याच्या दिनक्रमात काहीतरी मुळातच बदलले आहे, असे आम्हाला शिकवले गेले आहे.

टाकी मोठी करण्याचा आपला मुद्दा येथे लागू पडतो, हे मी मान्य करतो. सावली, खोली आणि प्रवाह दिला तर यांपैकी काही त्रास निश्चितच कमी होतील. आयुर्मानाच्या बाबतीतही जुने आरोप जसेच्या तसे आज टिकत नाहीत. बंदिस्त ओर्कांचे जगणे पूर्वीपेक्षा सुधारले आहे, आणि किती सुधारले यावर उद्यानांशी संबंधित व बाहेरचे अभ्यासक यांच्यात खरा मतभेद आहे. 1969 साली पकडलेली कॉर्की पन्नास वर्षांहून अधिक काळ टाकीत जगली आहे. परंतु याच कॉर्कीची सात गरोदरपणे झाली आणि तिचे एकही पिल्लू दोन महिने जगले नाही. ती स्वतः लहान असताना आईपासून तुटली होती. पिल्लाला दूध कसे पाजायचे, हे तिने कोणाकडून पाहिले होते?

तिच्याच बाबतीत 1989 साली सॅन दिएगोत आणखी एक घटना घडली. कांडू नावाची आइसलँडची मादी प्रेक्षकांसमोर कॉर्कीवर धावून गेली; त्या धडकेत कांडूचाच जबडा मोडला, रक्तवाहिनी तुटली आणि ती रक्तस्रावाने मेली. एक मादी अटलांटिकची, दुसरी पॅसिफिकची. दोघींची बोली वेगळी, चालीरीती वेगळ्या आणि नाते काहीही नाही. समुद्रात असे दोन ओर्का समोरासमोर येण्याचाच संभव नाही, आणि आले तरी एकाला बाजूला होता येते. टाकी दुप्पट केली तरी अनोळखी प्राण्यांना एकत्र कोंडण्याची ही अडचण तशीच राहते. हत्तींच्या बाबतीतही दोन न पटणाऱ्या माद्या शेजारी बांधणे हा किती मोठा धोका असतो, हे कोणताही जुना माहूत सांगेल.

आता लळ्याकडे येतो, कारण आपल्या प्रश्नाचे मर्म तेथे आहे. जुलै 2025 मध्ये न्यायालयाच्या आदेशाने नांदणी मठाची महादेवी, म्हणजे आपली माधुरी, जामनगरच्या वनतारा केंद्रात गेली तेव्हा शिरोळ तालुक्यातील लोक ज्या रीतीने रडले, त्यात काहीही खोटे नव्हते. त्या वादात कोणाचे बरोबर, हा येथे विषय नाही आणि त्यावर मत देण्यासाठी माझा उपयोगही करून घेऊ नये. मला एवढेच म्हणायचे आहे की माणसाचा प्राण्यावर आणि प्राण्याचा माणसावर लळा असतो हे खरे मानले, तरी त्यावरून त्या प्राण्याचे जीवन पुरे आहे, हे सिद्ध होत नाही. कळपात राहणाऱ्या प्राण्याला जातभाई मिळाले नाहीत, तर तो जो कोणी समोर असेल त्याच्यावर जीव लावतो. प्रशिक्षकाचे प्रेम खरे असते. मी स्वतः ज्या डॉल्फिनला रोज पाहत होतो, ते माझी पावले ओळखत असत आणि मला त्याचा अभिमानही वाटे. पण अन्न देणारा, खेळवणारा आणि सोबत करणारा माणूस एकच असेल आणि दुसरा पर्यायच नसेल, तर त्या लळ्यात किती निवड आहे आणि किती गरज आहे, हे वेगळे काढता येत नाही. कॅनडातील नायगारा फॉल्स येथील उद्यानात किस्का नावाची मादी 2011 पासून मार्च 2023 मध्ये मरेपर्यंत एकटी होती. तिच्या सोबतीला माणसेच होती.

याच लळ्याची दुसरी बाजू टिलिकुम नावाच्या नराच्या बाबतीत दिसते. तो 1983 साली आइसलँडजवळ, सुमारे दोन वर्षांचा असताना पकडला गेला. कॅनडातील पहिल्या उद्यानात त्याला आणि दोन माद्यांना रात्री एका अंधाऱ्या लहान हौदात कोंडत, आणि तेथे त्या माद्या त्याला दातांनी ओरबाडत. 1991 साली तेथेच या तिघांनी पाण्यात पडलेल्या एका तरुण प्रशिक्षिकेला बुडवले. पुढे फ्लोरिडात, 24 फेब्रुवारी 2010 रोजी, त्याने डॉन ब्रँशो या अत्यंत अनुभवी आणि त्याच्याशी जवळीक असलेल्या प्रशिक्षिकेचा बळी घेतला. दरम्यान 1999 मध्ये रात्री टाकीत शिरलेल्या एका माणसाचे प्रेतही त्याच्या पाठीवर सापडले होते. आणि समुद्रात? रानटी ओर्काने माणसाला ठार मारल्याची एकही विश्वसनीय नोंद नाही. 2020 पासून स्पेन व पोर्तुगालच्या किनाऱ्यावर काही ओर्का शिडाच्या बोटींची सुकाणे मोडत आहेत, काही बोटी बुडाल्याही आहेत. पण पाण्यातल्या माणसाला त्यांनी हात लावलेला नाही. टिलिकुम क्रूर होता, असे मी म्हणणार नाही. पिसाळलेल्या हत्तीबद्दल आपण जसे आधी त्याला बांधले कसे होते हे विचारतो, तसेच येथे विचारावे. ज्या शहरात हत्तींच्या झुंजीसाठी साठमारी बांधली गेली, तेथील लोकांना मोठ्या प्राण्याला डिवचले की काय होते, हे निराळे समजावून सांगावे लागू नये.

मुलीने प्रत्यक्ष पाहिले म्हणून तिला प्रेम वाटले, हा आपला युक्तिवाद मी हलक्यात घेत नाही. 1960च्या दशकापर्यंत कोळी आणि नौदलाची माणसे ओर्काला दिसताच गोळ्या घालत असत; लोकांच्या मनातली ती भीती घालवण्यात पहिल्या बंदिस्त ओर्कांचा वाटा आहे, हे नाकारणे कृतघ्नपणाचे होईल. गर्भकाळ साधारण सतरा महिन्यांचा असतो आणि त्यांना कोणते ध्वनी ऐकू येतात, ही माहितीही टाक्यांमधूनच मिळाली. परंतु कुटुंब, बोली, आजीचे महत्त्व, शिकारीच्या परंपरा, म्हणजे ज्यामुळे ओर्का हा ओर्का आहे ते सर्व, बोटीत बसून आणि किनाऱ्यावर दुर्बिणी लावून शिकता आले. खेळात मुलीने जे पाहिले ती माशाच्या बदल्यात केलेली उडी होती. त्या उडीतून तिच्या मनात कुतूहल जागे झाले असेल तर उत्तमच, पण त्याकरिता नवा प्राणी पकडण्याचे किंवा जन्माला घालण्याचे समर्थन होत नाही. तशी पकड अजूनही इतिहासजमा झालेली नाही: 2018 साली रशियाच्या अतिपूर्वेकडील नाखोद्का शहराजवळ दहाहून अधिक ओर्का आणि ऐंशीहून अधिक बेलुगा व्हेल विक्रीसाठी कोंडलेले आढळले आणि जगभर ओरड झाल्यानंतर 2019 मध्ये ते सोडण्यात आले.

आपल्या देशापुरता हा प्रश्न बऱ्याच अंशी सुटला आहे. नव्वदच्या दशकाच्या अखेरीस चेन्नईजवळच्या एका उद्यानात परदेशातून आणलेले डॉल्फिन काही महिन्यांतच दगावले. पुढे काही राज्यांतून डॉल्फिनच्या खेळांचे नवे प्रस्ताव येऊ लागले, तेव्हा केंद्राने मे 2013 मध्ये परिपत्रक काढून मनोरंजनासाठी डॉल्फिन-केंद्रे उभारण्यास परवानगी देऊ नये, असे राज्यांना कळवले. कॅनडाने 2019 साली कायद्यानेच देवमासे व डॉल्फिन नव्याने पाळणे बंद केले. अमेरिकेतील सर्वांत मोठ्या सागरी उद्यान-कंपनीने मार्च 2016 मध्ये ओर्कांची पैदास थांबवली, आणि फ्रान्सच्या 2021च्या कायद्याने अशा खेळांना मुदत घालून दिली. चीनमध्ये मात्र नवी उद्याने उघडत आहेत.

तर मग जे आत आहेत त्यांना सोडून का देत नाहीत, असे आपला पुतण्या विचारील. येथे मी त्याच्याही विरोधात आहे. केइको हा नर 1979 साली आइसलँडजवळ पकडला गेला आणि मेक्सिको सिटीच्या एका उद्यानात अनेक वर्षे राहिला. चित्रपटामुळे त्याला प्रसिद्धी मिळाली आणि लोकांच्या देणग्यांवर त्याला आधी ओरेगॉनला, मग 1998 साली आइसलँडच्या खाडीत नेले गेले. 2002 साली तो स्वतःहून समुद्र ओलांडून नॉर्वेला पोहोचला, परंतु तेथे तो माणसांच्याच बोटींमागे फिरू लागला. रानटी ओर्कांच्या गटात तो कधीच सामावला नाही आणि डिसेंबर 2003 मध्ये मेला. त्याचे स्वतःचे कुटुंब कोणते, हे कोणालाच ठाऊक नव्हते.

त्याच 2002 साली सिएटलजवळ स्प्रिंगर नावाचे दोनेक वर्षांचे अनाथ पिल्लू एकटे भटकताना सापडले. तिच्या आवाजावरून ती उत्तरेकडच्या कोणत्या गटाची, हे ओळखता आले. तिला पकडून, समुद्रातच घातलेल्या जाळीत काही आठवडे उपचार करून, बोटीने तिच्या नातलगांच्या वाटेवर नेऊन सोडण्यात आले. ती त्यांच्यात मिसळली, वाढली आणि 2013 मध्ये तिला पिल्लू झाले. केइकोवर झालेला खर्च आणि स्प्रिंगरवर झालेला खर्च यांची तुलनाच होऊ शकत नाही. फरक एवढाच होता की तिचा बंदिवास काही आठवड्यांचा होता आणि तिची बोली बोलणारे नातलग अजून त्या पाण्यात होते.

म्हणून टाकीत जन्मलेल्या, दात गेलेल्या, दोन वेगळ्या महासागरांतील आईबापांच्या संकरित ओर्काला समुद्रात सोडणे, हे मला वैद्यकीय दृष्ट्या त्याला मरायला सोडण्यासारखेच वाटते. त्यांच्यासाठी खाडीचा काही भाग जाळीने वेगळा करून तेथे आयुष्यभर सांभाळ करावा, खेळ बंद करावेत आणि पैदास होऊ देऊ नये, हाच मला पटणारा मार्ग आहे. हा मार्ग कागदावर जितका सोपा दिसतो तितका नाही. फ्रान्समधील अँटिबचे उद्यान जानेवारी 2025 मध्ये बंद झाले, पण तेथे उरलेल्या विकी आणि तिचा मुलगा केइजो यांना न्यायचे कोठे, हा वाद त्यानंतरही कित्येक महिने चालू राहिला आणि तोवर मायलेक त्याच रिकाम्या उद्यानातील टाकीत राहिले. टाकीच्या निर्जंतुक पाण्यात जन्मलेल्या प्राण्याला खाडीतले जंतू सोसतील का, वादळात जाळी टिकेल का, पन्नास वर्षांच्या खर्चाची हमी कोण देणार, हे प्रश्न खरे आहेत. निदान त्या दोघांना एकमेकांपासून वेगळे करू नये, एवढी एक अट मी कोणत्याही योजनेला घालीन.

मुलीला रागावू नये, तिने काहीही चुकीचे केलेले नाही. तिला खरा डॉल्फिन दाखवायचा असेल, तर ऑक्टोबरनंतर गगनबावड्याच्या घाटाने मालवण-तारकर्लीला जावे. तेथे किनाऱ्यालगत हम्पबॅक डॉल्फिन नेहमी असतात. ओर्का तेथे पाहायला मिळेल, अशी आशा तिला दाखवू नये, कारण लक्षद्वीप, अंदमान आणि श्रीलंकेच्या पाण्यातसुद्धा त्याचे दर्शन अधूनमधूनच होते. बोट ठरवताना नावाड्याला आधीच सांगावे की डॉल्फिन दिसले की पाठलाग करायचा नाही, इंजिन मंद करून बाजूला थांबायचे आणि पिल्लू असलेल्या गटाच्या मधून बोट घालायची नाही. काही नावाडी हे स्वतःहून पाळतात. जे पाळत नाहीत त्यांना जास्त पैशांचे आमिष पर्यटकच दाखवत असतात. एखाद्या दिवशी काहीच दिसले नाही तरी भाडे पूर्ण द्यावे आणि ते परत मागू नये.